यादीतलं नाव

माझी भाची अमेरिकेत हाडांची सर्जन आहे, गुडघे बदलते. (हे सांगताना मान जरा ताठ होते, वाचकांनी समजून घ्यावं.) तिकडे ओपन पेमेंट्स नावाची एक सरकारी यादी आहे. औषधं आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी कोणत्या डॉक्टरला काय दिलं ते त्यात नावानिशी असतं. जेवण, प्रवास, सल्ल्याची फी, रॉयल्टी, संशोधनाचा पैसा, सगळं. २०१० च्या कायद्यातून ती निघाली आणि २०१४ च्या सप्टेंबरअखेर सर्वांना खुली झाली.

दुसऱ्याची वही उघडी दिसली की डोकावायचं, ही शिक्षकी खोड. भाचीच्या नावापुढे तीन जेवणं, तीही वीस डॉलरच्या आतली! रविवारी फोनवर मी खुशीत म्हटलं, "अगं, तुझी पाटी अगदी कोरी आहे हो!"

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, मी काही नाकारलं नाही गं. मला कुणी विचारलंच नाही."

मी गारच पडले. तिकडे २०१९ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांत निम्म्याहून जास्त मुली आहेत, पण हाडांच्या सर्जनांत बायका शंभरात सहा-सात. नवं हत्यार किंवा नवा सांधा करायचा झाला की कंपनी ओळखीच्या सर्जनला बोलावते. त्यालाच पुढे रॉयल्टी, संशोधनाचं काम, शोधनिबंधावर नाव, मग बढती. २०२२ साली तिकडच्या एका शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात अभ्यास आला होता. मोठमोठ्या कंपन्यांकडून सर्वांत जास्त पैसे मिळालेल्या डॉक्टरांत शंभरात नव्वदहून अधिक पुरुष!

आता माझी पंचाईत. मी गाईडवाल्या प्रकाशकाची डायरीसुद्धा कधी घरी आणली नाही. कंपनीच्या पैशातून झालेलं संशोधन कंपनीच्या बाजूने झुकतं, हेही बऱ्याच वेळा तपासून दिसलेलं आहे. मग त्या पैशात आपल्या मुलीचा वाटा नाही म्हणून मी हळहळावं का?

पण ती म्हणाली, "माझा हात लहान, ग्लोव्हज सहा नंबरचे. काही हत्यारं मला दोन्ही हातांनी धरावी लागतात. ती बनली तेव्हा तिथे लहान हाताचं कुणी नव्हतंच." आणि गुडघे बदलून घेणाऱ्यांत तर बायकाच जास्त. घरात विळी-खलबत्ता सुद्धा आपण हाताला बसतो का बघून घेतो, नाही का?

तर मंडळी, गेल्या महिन्यात तिला एका कंपनीने विचारलं, लहान मुठीच्या हत्यारांबाबत सल्ला द्याल का म्हणून. फोन करून मला म्हणते, "घेऊ का गं काम?"

रात्रभर विचार केला. सकाळी सांगितलं, घे. फी घे, पण त्याच कंपनीच्या मालाचं गुणगान करायला व्याख्यानांना जाऊ नकोस. आणि यंदाचा आकडा पुढच्या जूनअखेर यादीत येईल, तो मी बघणार आहे.

"बघ की," म्हणाली.