साडेपंधरा मिलिमीटरची पुली

सौदी अरेबियात घरातली वीज 60 हर्ट्झची असते, आपल्याकडे 50 हर्ट्झची. बल्बला किंवा इस्त्रीला या फरकाचे काही वाटत नाही. सिंक्रोनस मोटरवर चालणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरचे तसे नाही. ही मोटर विजेचा दाब किती आहे हे पाहत नाही. विजेच्या आवर्तनांशी पाऊल जुळवून फिरते. म्हणून तिकडच्या पुलीवर मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी तबकडी इकडे 27.8 फेरेच घेते. गाणे तुटत नाही, खरखरतही नाही. गायक मोठ्या दुखण्यातून नुकता उठून बसल्यासारखा गातो.

माझ्याकडे आलेला प्लेअर असाच तिकडचा. हिंगोलीच्या एका चाचांनी तो ऐंशीच्या दशकात जेद्दाहून आणला होता. ते गेल्यानंतर माळ्यावर पडून होता. त्यांच्या मुलाने तो पोत्यात गुंडाळून कनेरगाव नाक्यावर माझ्या घरी आणून ठेवला, सोबत रेकॉर्डींची पेटी. "सर, ठीक झाला तर अब्बांच्या कव्वाल्या एकदा ऐकवा," एवढेच तो म्हणाला. पेटीत युसूफ आझाद आणि शंकर-शंभू यांच्या 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या होत्या. मी शाळेत विज्ञान शिकवतो, रेडिओ दुरुस्तीचा नाद जुना आहे. पण पट्ट्यावर चालणारा प्लेअर प्रथमच हाताळत होतो. आमच्या भागात लग्नाच्या मांडवात कर्ण्याला जोडलेले प्लेअर असत, त्यांत मोटरचा जोर रबरी चाकातून थाळीला मिळे. ती व्यवस्था दणकट, पण मोटरची घरघर त्या चाकातून थाळीत आणि थाळीतून सुईत उतरते. मऊ रबरी पट्टा ती घरघर वाटेतच जिरवतो. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी 1961 साली पट्टा आणि स्प्रिंगवर तरंगणारी बैठक यांची जोड देऊन जो प्लेअर बाजारात आणला, त्याच वळणाचे हे यंत्र होते.

उघडले तेव्हा मूळ पट्ट्याचे डांबर होऊन थाळीच्या कड्याला चिकटले होते. ते स्पिरिट आणि कापसाने काढले. मधल्या दांड्याच्या बेअरिंगमधले तेल गोंदासारखे घट्ट झाले होते; ते धुऊन नवे तेल घातले आणि तळाची पोलादी गोळी बदलली. मोटरचा कपॅसिटर मेला होता, तसाच नवा बसवला. दाबाचा खटका 220 वर होताच. ही कामे कुणालाही जमण्यासारखी आहेत. खरा प्रश्न पुलीचा होता.

मोटर 16 ध्रुवांची, म्हणजे 60 हर्ट्झवर मिनिटाला 450 फेरे आणि 50 वर 375. ज्या कड्यावरून पट्टा फिरतो त्याचा व्यास 180 मिलिमीटर भरला. 375 ला 33⅓ ने भागले की 11.25 येतात, आणि 180 ला 11.25 ने भागले की बरोबर 16. उत्तर इतके सुबक येते की लगेच 16 मिलिमीटरची पुली करून घ्यावी असे वाटते. पण पट्ट्यालाही जाडी असते. नवा पट्टा 0.6 मिलिमीटर जाडीचा मागवला होता. पट्टा वळताना त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणली जाते. लांबी कायम राहते ती फक्त मधल्या थराची. त्यामुळे दोन्ही व्यासांत पट्ट्याची जाडी मिळवून मगच भागाकार करायचा. तसा केला की उत्तर 15.45 येते. 16 ची पुली बसवली असती तर प्रत्येक गाणे साडेतीन टक्क्यांच्या आसपास जलद गेले असते, म्हणजे अर्ध्या पट्टीहून अधिक चढे. केसाएवढ्या वाटणाऱ्या या जाडीवर गायकाचा षड्ज अवलंबून असतो, हे कागदावर मांडताना मला फार आनंद झाला. वर्गात व्यास आणि परीघ शिकवताना इतके चांगले उदाहरण मला आजवर मिळाले नव्हते.

हा आकडा घेऊन मी नाक्याजवळच्या लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे पंपाचे शाफ्ट, थ्रेशरच्या पुल्या, ट्रॅक्टरची बुशिंग अशी कामे येतात. दोन टप्प्यांची पुली हवी होती: 33⅓ साठी 15.45 आणि त्याच तुकड्यावर 45 फेऱ्यांसाठी 21.07. मिस्त्रींनी जुनी पुली बोटांत फिरवली, उजेडाला धरली आणि म्हणाले, "सर, आकडा बरोबर असंल, पन सपाट करून चालायचं नाही. पोटात जराशी फुगीर ठेवावी लागन. नाहीतर पट्टा उतरन. गिरणीच्या पुलीवानीच हाय हे."

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. सपाट पट्टा नेहमी पुलीच्या मोठ्या व्यासाकडे चढत जातो. म्हणून पुली मध्यभागी किंचित फुगवली की तो स्वतःच मधोमध येऊन स्थिरावतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा याच युक्तीवर वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. मी व्हर्निअर लावून व्यास मोजला होता, फुगवटा मात्र त्यांच्या बोटाला आधी लागला. पितळेचा गज चकमध्ये धरून त्यांनी भोक आणि बाहेरचा काप एकाच पकडीत घेतले. "पकड बदलली की सेंटर आऊट होतं," ते काम करता करता सांगत होते. मोटरच्या दांड्यावर पुली एक शतांश मिलिमीटर जरी लपकली, तरी दर फेऱ्याला वेग कमी-जास्त होतो, आणि लांबलेला स्वर थरथरतो. शेवटचा काप त्यांनी मुद्दाम थोडा राखून ठेवला. "उरलेलं तुमच्या घरी, चालत्या मशीनवर पॉलिश पेपरनं उतरवू. कमी झालेलं वाढवता येत नाही."

वेग तपासायला मी कागदावर गोल आखून त्यात समान अंतरावर 180 रेघा छापून घेतल्या. 50 हर्ट्झच्या विजेवर तारेचा बल्ब सेकंदाला 100 वेळा कमी-अधिक उजळतो. थाळी बरोबर 33⅓ ने फिरत असेल तर त्याच वेळात 100 रेघा पुढे जातात आणि डोळ्याला त्या थबकलेल्या दिसतात. सेकंदाला एक रेघ पुढे सरकली तर वेगात एक टक्का वाढ आहे असे समजायचे. एलईडी दिव्याखाली हा खेळ बहुधा दिसत नाही, म्हणून जुना पिवळा बल्ब शोधून लावला. मिस्त्री स्वतः आले होते. रेघा पुढच्या दिशेने सावकाश सरकत होत्या. त्यांनी फिरत्या पुलीला बारीक पेपर नुसता टेकवला, पुसून घेतला, पुन्हा टेकवला. रेघांची चाल मंदावत गेली आणि मग त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पहिली तबकडी पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची लावली. त्यात राम फाटकांनी चाल दिलेला संत नामदेवांचा अभंग आहे. नामदेवांचे नरसी आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथल्या भजनी मंडळात हा अभंग न येणारा माणूस सापडणे कठीण. मंडळाचे पेटीवाले काका मुद्दाम बसले होते. जुन्या पुलीवर त्यांनी तोच अभंग ऐकला तेव्हा पेटीवर बोट ठेवून सांगितले होते की आवाज तीन पट्ट्या खाली गेला आहे. काळी एकचा षड्ज खालच्या काळी पाचवर यावा, तेवढा. 27.8 आणि 33⅓ यांचा हिशेबही जवळपास तेवढाच निघतो. त्या दिवशी काकांनी पेटी उघडली नाही. ते टाळ्यांचा ठेका धरून गाऊ लागले.

वेग जमला तरी सुई स्थिर राहीना. आमचे घर हिंगोली-वाशिम रस्त्यालगत आहे. हा आता 161 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. अकोल्याहून नांदेडकडे जाणारी जड वाहतूक रात्रभर चालू असते. एके काळी इथे निजामाची हद्द संपून पलीकडे वऱ्हाड सुरू होई. आता त्याच जागी ट्रक गतिरोधकावर आपटतात आणि तो हादरा जमिनीतून टेबलात येतो. त्यावर उपाय म्हणजे प्लेअर जमिनीवरून उचलणे. आतल्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर शहाबादी फरशी टाकली आणि प्लेअर तिच्यावर ठेवला. मूळ पातळ प्लायवूडचे खोकेही बदलले. पाडलेल्या माळवदाच्या घराची एक सागवानी तुळई सुताराकडे पडून होती. तिच्या फळ्या काढून जड, घट्ट सांध्यांची चौकट केली. जुने सागवान पूर्ण वाळलेले असते, ते पुन्हा वाकत नाही. सुईचा भार सोनाराच्या छोट्या काट्यावर 2 ग्रॅम लावला. गुणगुण येत होती ती अर्थिंगची होती. अंगणात कोळसा-मीठ घालून नवा खड्डा भरला, तार जोडली आणि ती गेली.

रब्बीत गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी मोटरपंप सुरू झाले की आमच्याकडे विजेचा दाब पार घसरतो, बल्ब तांबडा होतो. प्लेअरचा वेग मात्र हलत नाही. देशाच्या ग्रिडमध्ये वारंवारिता 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राखली जावी असा नियम आहे, आणि तेवढा फरक कानाला कळण्याच्या फार खाली आहे. दूरच्या धरणांतली आणि औष्णिक केंद्रांतली प्रचंड जनित्रे एकाच ठेक्यात फिरतात, आणि तोच ठेका माझ्या घरातली पितळेची पुली पाळते. हे मी मुलांना शाळेत शिकवत होतोच. आता त्यांना घरी बोलावून दाखवतो.

चाचांचा मुलगा येऊन कव्वाल्या ऐकून गेला. 45 चा टप्पाही चोख निघाला होता. जाताना त्याने प्लेअर इथेच राहू दे म्हटले आणि रेकॉर्डींची पेटीही ठेवली.

आता वीज गेल्यावरची सोय करायची आहे. घरच्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, तिच्यावर मोटर भुणभुणते. म्हणून बॅटरीवर चालणारा, क्रिस्टलवरून शुद्ध 50 हर्ट्झची लहर काढणारा छोटा जोड बनवतो आहे. सर्किट तयार आहे, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला वायंडिंगवाल्याकडे दिला आहे. त्याच्या दुकानात सध्या जळालेल्या पंपांची रांग आहे. हरभऱ्याचे पाणी होईपर्यंत त्या मोटरी आधी, असे त्याने सांगितले आणि ते योग्यच आहे. तोवर दिवे गेले की मी सुई उचलून ठेवतो.