पाण्यात उभा राहून तहानलेला मनीप्लांट

मुळं श्वास घेतात! शाळेत हे वाक्य वाचलंही असेल, पण त्याचा खरा अर्थ मला या उन्हाळ्यात कळला आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून तेच सांगत सुटलेय. आता तुम्ही सापडलात.

वहिनीची नागपूरला बदली झाली. जाताना तिचा मनीप्लांट आमच्या भिलाईतल्या कुरुदच्या घरी ठेवून गेली. "जगला तर जगला," म्हणाली. पानं पिवळी, देठ लुळे, मान पार खाली. भिलाईचा मे महिना, बाहेर लू, घरात दिवसभर कूलर. कुणीही म्हणेल, पाणी घाला त्याला! पण मातीत बोट खुपसलं, तर माती चिंब. आता हे काय? ओल्या मातीतलं झाड सुकतं कसं?

कुंडी उपडी केली आणि उलगडायला लागलं. चिनी मातीची, सुरेख नक्षीची कुंडी, पण बुडाला भोकच नाही. आतून काळा गोळा निघाला, त्याला तुंबलेल्या नालीसारखा वास. मुळं तपकिरी आणि बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. त्या सगळ्या चिखलात दोन-तीन मुळं मात्र पांढरी, कडक! ती दिसली आणि मी आनंदाने ओरडलेच.

नर्सरीवाल्या भैयांना तो गोळा दाखवला. त्यांनी बोटांत चुरून एका वाक्यात निदान केलं: "कन्हार माटी आय, पानी ल धर के रखथे." छत्तीसगढचा शेतकरी मातीला नावाने ओळखतो. लाल मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, काळी चिकट ती कन्हार. कन्हार पाणी सोडत नाही, म्हणून धानाला चालते. बिनभोकाच्या कुंडीत मात्र तीच माती जीव घेते.

का घेते, ते ऐका. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मुळं ती हवा वापरतात, त्यातून ताकद मिळवतात आणि त्या ताकदीवर क्षार शोषतात, पाणी ओढण्याजोगी धडधाकट राहतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की संपलं, कारण ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या साधारण 10,000 पट हळू पाण्यात पसरतो. मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी ओततो. खुनाचा असा बेमालूम कट मी रहस्यकथेतही वाचला नव्हता!

पण थांबा. आमच्या इकडे पावसाळाभर धान पाण्यातच उभं असतं की! ते का गुदमरत नाही? याचं उत्तर वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. धानाच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. वरून पानांतून हवा आत येते आणि थेट चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. अळूलाही अशी सोय आहे, म्हणून तो मोरीच्या कडेला मजेत वाढतो. आणि गंमत बघा, मनीप्लांट हा अळूच्याच कुळातला! पण त्याचा स्वभाव झाडांवर चढायचा. चिखलात राहायची तयारी त्याच्याकडे नाही.

मग कात्री स्पिरिटने पुसली आणि सडलेलं सगळं कापून टाकलं. उरलेल्या वेलाचे तुकडे केले. इथे एक महत्त्वाची गोष्ट, नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. पेर हवं. पेरावर तपकिरी टेंगूळ दिसतं ना, तिथूनच मूळ फुटतं. तुकडे काचेच्या बाटलीत ठेवले. आता तुम्ही विचाराल, पाण्यात गुदमरलेल्याला परत पाण्यात? मीही हेच विचारलं! पण बाटलीतलं स्वच्छ, वरचेवर बदललेलं पाणी वेगळं. त्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि तो खाऊन टाकणारी कुजकी माती नसते. शिवाय पाण्यात फुटलेली मुळं पाण्याच्याच सवयीने वाढतात. पांढरं टोक काचेतून दिसलं तेव्हा मी शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावलं.

या वेलाचं मूळ गाव प्रशांत महासागरातलं मोरेआ बेट. तो जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याला नीट बनवता येत नाही, असं 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. फूल नाही म्हणजे बी नाही. तरी आज तो घराघरांत आहे, तो असाच, पेरापेराने, हातोहात!

आमचा वेल आता भोकाच्या साध्या कुंडीत आहे. मटासी, थोडी वाळू, गांडूळखत आणि राइस मिलमधली जळकी तुसं, अशी भुसभुशीत माती. मातीत दोन पेरं खुपसलेलं बोट कोरडं निघालं की मगच पाणी. कूलरच्या खोलीत माती उशिरा वाळते, तेव्हा वार बघून नाही, बोट बघून. खत सध्या बंद, कोवळ्या मुळांना ते झेपत नाही. आणि परवा नवं पान आलं, गुंडाळलेलं, पोपटी!

तुमच्या घरात एखादं झाड रुसलं असेल, तर पाण्याचा तांब्या आधी खाली ठेवा. कुंडी उचला, बुडाला भोक आहे का बघा, मुळं काढून हुंगा. पांढरं, कडक असं एक जरी मूळ सापडलं किंवा वेलावर एक जरी हिरवं पेर उरलं असलं, तरी कात्री घेऊन कामाला लागा!