बिनदोऱ्याची वेणी

आश्विन लागला की पुण्यात पहाटे जरासा गारवा असतो आणि अकरा वाजेतो ऑक्टोबरचं ऊन डोकं तापवायला लागतं. म्हणून एरंडवण्यातल्या आमच्या बागेत मी उजाडताच जाते. आपल्याकडे पानगळ शिशिरातली; शरदात गळतात ती फुलं. फाटकाशी प्राजक्त, कुंपणालगत सप्तपर्णीचा रात्रीचा उरलेला उग्र वास आणि आतल्या वळणावर बुचाची उंच झाडं. परवा त्यांच्याखाली पाऊल ठेवायला जागा नव्हती, एवढा सडा पडला होता.

बूच मूळचा ब्रह्मदेशाकडचा. सरळ साठ-सत्तर फूट चढतो आणि पार शेंड्याला फुलतो. फूल खुडायची सोयच नाही. झाड देईल तेव्हा घ्यायचं. रात्री उमलणारं हे पांढरं, सुवासिक फूल निशाचर पतंगांसाठी असतं. आपण ज्याला देठ म्हणतो ती फुलाचीच बोटभर लांब नळी. मध तिच्या तळाशी, लांब सोंडेच्या पतंगालाच पोचेल असा. हे मला फार पुढे कळलं. लहानपणी माझी खात्री होती, की एवढा लांब देठ वेणी घालण्यासाठीच असतो.

ती वेणी शिकवली आत्यानं. येरवड्याच्या सरकारी वसाहतीत आमच्या खोल्यांमागे बूच होता. हस्त नक्षत्र लागून हादगा सुरू झाला की साऱ्या मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. तीन फुलांचे देठ धरायचे, पेड घालत जायचं, दर वळशाला नवं फूल आत सरकवायचं, सगळी तोंडं एका अंगाला. सुई नाही, दोरा नाही. शेवटचा देठ मागच्या फासात ओवला की वेणी झटकली तरी सुटत नसे. प्रत्येकीला एक आणि पाटावरच्या हत्तीलाही एक.

आत्या विशीतच विधवा झालेली. तिनं स्वतःच्या केसांत फूल घातलेलं मी कधी पाहिलं नाही. एकदा मी मागून जाऊन तिच्या अंबाड्यावर वेणी ठेवली. ती रागावली नाही. वेणी काढून तिनं माझ्याच केसांत माळली आणि पुढची विणायला घेतली. शेजारी तांदूळ निवडत बसलेली आजी काही बोलली नाही. आमचं घर प्रेमळ होतं, आणि तरी त्यातलं कुणीच काही बोललं नाही, याचा मला आजही संताप येतो. जमिनीवर पडलेलं, कुणाच्या मालकीचं नसलेलं, दुपारपर्यंत मलूल होणारं फूल. त्यावरही तिचा हक्क नसावा!

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. वाचून दाखवायला आत्या तेव्हा राहिली नव्हती.

परवा ओंजळभर फुलं घेऊन मी बाकावर बसले. माझी वेणी होत आली, तशा बाग झाडणाऱ्या बाई खराटा टेकवून थांबल्या.

“चार पेडी घाला की ताई, भरदार दिसती.”

“मला तीनचीच येते. तुम्हाला कुणी शिकवली?”

“कोन शिकवतंय? शाळंत झाड हुतं.”

त्या शेजारी बसल्या आणि बघता बघता त्यांची वेणी तयार झाली. ती माझ्या हातावर ठेवताना त्यांची नजर माझ्या मोकळ्या गळ्याकडे गेली. “घालता न्हवं?” त्यांनी हळूच विचारलं.

“घालते की. आधी तुम्ही पाठमोऱ्या व्हा.”

आत्याच्या पद्धतीची वेणी त्यांच्या केसांत माळली, त्यांची माझ्या. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदाच फूल माळत होते. उरलेली फेरी पुरी करायला उठले, तेव्हा पलीकडच्या कट्ट्यावरच्या दोघी माझ्याकडे पाहत काही कुजबुजत होत्या. मी वळून त्यांच्याकडेच गेले आणि विचारलं, “शिकायची आहे का? ऊन चढायच्या आत या, खाली फुलं भरपूर आहेत.”