टेम्सकाठचा तेरडा

इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला नदी दिसते ती रेल्वेच्या खिडकीतून. लंडनची गाडी केनेट नदी ओलांडते तिथे, पुलापासून हाकेच्या अंतरावर, केनेट टेम्सला मिळते. ज्या गावाने आपल्याला घर दिलं, पगार दिला, त्याचं आपण कर भरण्यापलीकडे काही देणं लागतो, असं मला मनापासून वाटतं. ते कसं फेडायचं हे मला इथल्या एका कयाक क्लबात कळलं.

या क्लबाला मालक नाही, पगारी माणूस नाही. हिशेब ठेवणारी, फुटलेल्या कयाकला ठिगळ लावणारी, नवख्यांना शिकवणारी, सगळी सभासदच. रविवारी आमच्यापैकी एक जण ताफ्याच्या पुढे असतो, एक शेवटी आणि एक काठावर. नवख्याला पहिला धडा उलटण्याचा असतो: लाइफ जॅकेट घालून, उथळ पाण्यात, मुद्दाम. घाबरायचं नाही, नावेतून सुटून वर यायचं आणि नाव सोडायची नाही. एकदा नाशिककडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. "ताई, पोहता येतं हो तिला, पण हे मुद्दाम उलटणं कशाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, "आज माझ्या हाताशी उलटू दे, म्हणजे पुढे एकटी उलटली तर तिला ठाऊक असेल काय करायचं." मुलगी पाण्यातून वर आली ती हसतच.

इथल्या पाण्यातूनही लेप्टोचा ताप येतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात भातशेतीत उतरणाऱ्यांना होतो, तोच. म्हणून हातापायावरच्या जखमेला पाणी न शिरणारी पट्टी लावल्याशिवाय कुणाला नावेत बसू देत नाही, आणि नदीवरून आल्यावर हात धुतल्याशिवाय चहा नाही. मोठ्या पावसानंतर सांडपाणी नदीत येतं, तेव्हा सरळ सुट्टी.

खरं काम मात्र थंडीत. फ्लोटिंग पेनीवर्ट नावाची एक पाणवनस्पती आहे, मूळची अमेरिकेतली. शोभेसाठी आणली, तळ्यांतून निसटली आणि नद्यांत पसरली. वाढीच्या दिवसांत ती रोज 20 सेंटीमीटरपर्यंत पसरते. तिच्या जाड थराखाली ना ऊन पोचतं ना प्राणवायू, आणि मासे गुदमरतात. 2014 पासून तिच्या विक्रीवर बंदी आहे, पण नदीत गेलेली कुठे परत येते? वॉरग्रेव्हजवळ टेम्सला मिळणाऱ्या लॉडनमध्ये ती मुरली आहे. झाडांच्या फांद्या पाण्यावर ओणवलेल्या असतात तिथे यंत्र जात नाही, कयाक जाते. आम्ही वल्ह्याने थर ओढतो, हाताने मुळं सोडवतो आणि उघड्या नावेत भरून काठावर वर टाकतो. बोटभर तुकडा निसटला तरी पुढे नवं बेट उगवतं, म्हणून खालच्या अंगाला जाळं बांधतो आणि एक जण फक्त तुकडे वेचत राहतो. मला हेच काम आवडतं.

मुळा-मुठेतली जलपर्णी पाहत वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. पण पुणेकरांनी नुसतं श्रमदान करावं असं मी म्हणणार नाही. तिथे जलपर्णीला खत मिळतं ते प्रक्रियेविना सोडलेल्या मैलापाण्याचं. ते थांबवणं हे पालिकेचंच काम, आणि त्याचा तगादा लावणं नागरिकांचं.

ईस्टरच्या सुमारास डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही 125 मैलांची वल्हवण्याची शर्यत रेडिंगवरून जाते. 1948 पासून चालू आहे. प्रौढ गटातल्या जोड्या न थांबता, रात्रभर वल्हवतात, आणि वाटेत सत्याहत्तर ठिकाणी नाव खांद्यावर घेऊन धावतात. त्या रात्री आम्ही काठावर विजेऱ्या धरून उभे असतो, क्रमांक टिपतो, निसरड्या जागी हात देतो.

उन्हाळ्यात पाळी हिमालयन बाल्समची. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, 1839 मध्ये बागेसाठी इथे आणलेला. माणसाहून उंच वाढतो, इतर झाडांना झाकून टाकतो आणि थंडीत मरून काठ उघडा करून जातो. मग पुराचं पाणी ती माती खाऊन टाकतं. एका झाडाला आठशेपर्यंत बिया. पिकलेल्या शेंगेला हात लागला की ती आपल्या तेरड्यासारखीच फुटते आणि बिया सात मीटरपर्यंत उडवते. पाण्यात पडलेल्या वाहत जातात. पण मुळं अगदी वरवरची, हाताने अलगद उपटता येतात. मात्र शेंगा धरायच्या आत, जूनमध्ये.

मागे गौरींच्या दिवसांत त्याच नाशिकच्या बाईंनी विचारलं, "ताई, एवढा तेरडा फुललाय, गौरीसाठी दोन रोपं नेऊ?" माझाही जीव खालीवर झाला. आमच्या घरी गौर तेरड्याचीच असते. पण शेंगा पिकल्या होत्या, आणि हे झाड नदीकाठावरून दुसरीकडे नेण्याला इथल्या कायद्याने मनाई आहे. नाही म्हटलं, कारण सांगितलं, आणि त्यांना जूनमध्ये काठावर बोलावलं.

त्या आल्या. हातमोजे घरूनच आणले होते. मुलगी पाण्याच्या बाजूने कयाकमधून उपटत होती आणि आई काठावरून. दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा दोघी म्हणाल्या, "त्या वाकलेल्या झाडापर्यंत करूनच येतो."