मे महिन्यातलं थिनर

तारापूरच्या एका छोट्या युनिटमध्ये डिस्पॅच माझ्याकडे होतं, तेव्हा ऊन हा माझ्या लेखी विषयच नव्हता. बिल, ई-वे बिल, इन्शुरन्स आणि ड्रायव्हरचं लायसन बघितलं की गाडी गेटबाहेर. नागपूरच्या गिऱ्हाइकाची एकच कटकट असायची, थिनर मापाला कमी भरतं. त्याचं तोंड बंद करायला मी 200 लिटरचे जुने बॅरल गळ्यापर्यंत भरायला लावले. पोचा पडलेल्या बॅरलच्या पोटात जागा कमी असते, हे कळायला केमिस्ट्री लागत नाही. मला तेवढंही सुचलं नाही.

आमच्या थिनरमध्ये मुख्यतः टोल्यूइन आणि अ‍ॅसिटोन. असा माल 20 अंशांनी तापला, तर 200 लिटरमागे साधारण चार ते साडेपाच लिटर फुगतो. पहाटेच्या गारव्यात भरलेल्या बॅरलला अकोल्याकडच्या मे महिन्यात एवढा फरक सहज पडतो. वर वाफेचा दाब वेगळाच. अ‍ॅसिटोन 56 अंशांनाच उकळतं, आणि उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यात मी ताडपत्री करकचून आवळायला लावली होती, कारण मला भीती होती ती चोरीची.

मलकापूरच्या पुढून ड्रायव्हरमामांचा फोन आला. ‘‘साहेब, ताडपत्रीखालून वास येतोय. बॅरलची डोकी फुगलीत.’’ पाठोपाठ फोटो आला. सपाट झाकणं फुलक्यासारखी वर आली होती. एका बॅरलच्या बुचाभोवतीचा निळा रंग विरघळून खाली ओघळला होता आणि उघडा पत्रा चमकत होता. वायसर जुनाच होता. तो बदलायला दोन मिनिटं लागली असती.

मी ऑफिसात पंख्याखाली बसून सांगितलं, ‘‘बुचं जरा सैल करा, हवा जाऊ द्या.’’

‘‘साहेब, पलीकडं धाब्याची भट्टी पेटलीय,’’ ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी बुचाला हात लावला नाही. गाडी लांब मोकळ्या माळावर नेली, ताडपत्री सैल केली, क्लीनरला विडी लावू दिली नाही आणि ऊन उतरेपर्यंत तिथेच थांबले. त्यांनी माझं ऐकलं असतं, तर तापलेलं थिनर दाबाने त्यांच्या तोंडावर उडालं असतं.

कारखान्यात नंतर सगळे एकच विचारत होते, उन्हाने माल पेटला असता का? प्रश्नच चुकीचा. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट उणे 20 अंश, टोल्यूइनचा साधारण 4. म्हणजे ठिणगी मिळाली, तर हे महाबळेश्वरच्या थंडीतही पेटतं. उन्हाळ्यात वाफ जास्त सुटते आणि गळती लवकर होते, एवढाच फरक. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत जाते आणि भट्टी, विडी, वायरची ठिणगी, जे सापडेल ते गाठते.

अपघातात काय करायचं हे सांगणारं ट्रेम कार्ड गाडीत होतं. बिलांच्या फाइलमध्ये, इंग्रजीत. मामांना ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे धोकादायक मालाची पूर्ण माहिती देणं ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. म्हणजे माझी. तरी साहेबांसमोर मी पहिला ठपका ट्रान्सपोर्टवाल्यावर ठेवला होता, हेही इथे सांगितलेलं बरं.

पुढे बिल किलोवर काढायला लागलो, कारण उन्हाने वजन वाढत नाही. बॅरलमध्ये मोकळी जागा, नवे वायसर आणि कमानीवर टाकलेली, हवा खेळती ठेवणारी ताडपत्री, याला फारसा खर्च येत नाही. पोचे पडलेले बॅरल मात्र भंगारात द्यावे लागले आणि मालकांना ते आवडलं नाही.

एप्रिल-मेमध्ये विदर्भाकडे असा माल लावणाऱ्यांनी गाडी सोडण्याआधी ड्रायव्हरला दुपारचा हॉल्ट कुठे आहे ते विचारावं, आणि धाब्याशेजारी असेल तर तो बदलायला लावावा. आणि कृपा करून, तापलेल्या बॅरलचं बुच रस्त्यात उघडायला फोनवरून कुणालाही सांगू नका.