पट्टीवरचे नाव

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग शहराच्या उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटरवर बटलर हे गाव आहे. जुलै २०२४ मध्ये तेथील प्रचारसभेत डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा हे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. परंतु बटलरची खरी ओळख वेगळी आहे. जीपचा पहिला नमुना या गावातल्या कामगारांनी घडवला. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. त्यांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांनी न्यूयॉर्कला बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊन अभिवादन करावेच. पण सवड असेल तर बटलरही पाहावे.

गाव टेकड्यांच्या मुलखातले. कॉनोक्वेनेसिंग नावाची लहानशी नदी गावातून वाहते. मुख्य रस्त्यावर घड्याळाचा मनोरा असलेले जुने न्यायालय आहे व समोर छोटी बाग आहे. पोलाद, रेल्वेचे डबे, मोटारी यांवर या गावाने पोट भरले. येथेच अमेरिकन बँटम नावाची एक लहान मोटार कंपनी होती.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारले. ४९ दिवसांत नमुना हजर करायचा होता. मोठमोठे कारखानदार मागे सरले. बँटमने होकार दिला. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांतच आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी ही गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत वेळेत पोहोचली.

पुढे काय झाले? लहान कारखान्याला एवढी मागणी पुरवता येणार नाही असे म्हणत सैन्याने बँटमचे आराखडे विलीस आणि फोर्ड या बड्या कंपन्यांना दाखवले. लाखो जीप त्यांनी बनवल्या. बँटमच्या वाट्याला जेमतेम २,६०० च्या आसपास जीप आल्या, आणि नंतर काम मिळाले ते जीपमागे जोडायच्या दोनचाकी ट्रेलरचे! ज्याने गाडी घडवली, त्याच्या हाती मागची गाडी आली.

म्हणूनच हा जुना ट्रेलर ओळखता आला पाहिजे. बँटमच्या ट्रेलरला टी-३ म्हणत. विलीसनेही तसाच एमबीटी बनवला. २०११ पासून बटलर परिसरात जीपचा उत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी हजाराहून अधिक जीप जमल्या. अशा ठिकाणी हौशी लोक गंजलेला एकेक भाग हातात घेऊन तासन् तास पारखतात. ती पारख अशी:

चाक पाहावे. युद्धकाळातील ट्रेलरचा टायर जीपसारखाच ६.००–१६ मापाचा आणि चाक पाच बोल्टचे. म्हणजे एकाचे चाक दुसऱ्याला बसे. टायर ७.००–१६ चा आणि दिव्यांची जोडणी २४ व्होल्टची असेल, तर तो बहुधा पुढच्या काळातला, एम-१०० सारखा. युद्धातल्या ट्रेलरचे दिवे ६ व्होल्टचे.

साटा पाहावा. सैन्याच्या ट्रेलरला मागे उघडणारे फळकूट नसते. साटा पाणी आत न येणारा केलेला; नदी ओलांडताना तो तरंगे. तळाला पाणी सोडण्याची तोंडे असतात. मागे फळकूट असेल तर तो युद्धानंतर बँटमने शेतकऱ्यांसाठी, घरगुती कामासाठी बनवलेला असू शकतो. कच्च्या वाटेवर सुमारे २२५ किलो आणि चांगल्या रस्त्यावर ४५० किलो माल त्यावर लादत.

दांडी पाहावी. टोकाला जीपच्या आकड्यात अडकणारे जाड लोखंडी कडे, बाजूला सुरक्षेच्या साखळ्या, आणि बैल सोडल्यावर बैलगाडीला देतात तसा खाली टेकू. शिवाय हातब्रेक.

आणि शेवटी कारखान्याच्या नावाची पट्टी. पण येथे सावध राहावे! अशा पट्ट्या आता नव्या करूनही विकत मिळतात. म्हणून विकणारा सांगतो किंवा पट्टी सांगते एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. चाक, साटा, दांडी, दिवे यांची साक्ष एकमेकांशी जुळली पाहिजे. तथागतांनी कालामांना हेच शिकवले होते. ऐकीव म्हणून, परंपरेचे म्हणून मानू नका, स्वतः तपासा.

बटलरच्या बाबतीत असा तपास सरकारलाही करावा लागला. जीप आपणच निर्माण केली असा प्रचार विलीस करीत होती. त्यावर व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी आयोगाने १९४३ मध्ये तक्रार दाखल केली आणि १९४८ मध्ये विलीसला तसा दावा करण्यास मनाई केली. तरीही १९५० मध्ये 'जीप' हे व्यापारी नाव विलीसच्याच नावे नोंदले गेले. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जुळणी सुरू केली ती विलीस जीपचीच. त्यामुळे आपल्या गावात तहसीलदाराची जीप धूळ उडवत आली, पण बटलरचे नाव काही आले नाही.

श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हे आपल्याला नवे नाही. म्हणूनच कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाचे मोल मोठे. १८१८ च्या लढाईत पडलेल्या २२ महार सैनिकांची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत, आणि नावाच्या शेवटचे 'नाक' हे अक्षर वाचताच ती कोणाची हे ओळखता येते. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि दगडावरची अक्षरे समाजाच्या डोळ्यांपुढे आली.

आपल्या वडीलधाऱ्यांनी गिरण्या, रेल्वे, गोदी, दारूगोळा कारखाने यांत आयुष्य घातले. त्यांचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, सेवापुस्तक, हातातले हत्यार आजही कित्येक घरांत माळ्यावर असेल. ते भंगारात घालू नका. मुलांना जवळ बसवा, कोणत्या खात्यात कोणते काम केले ते वहीत तारखेसह लिहून घ्या, आणि लिहिलेले कागदांशी ताडून पाहा. आपली पट्टी आपणच जपली पाहिजे.