पाव आटा

बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम 40 मीटरवर आहे. इथे गाडीला हवा कमी पडत नाही, त्यामुळे उंचीचा विचार आमच्या पिढीला वर्षा-दोन वर्षांतून एकदाच करावा लागे, वणीला निघताना. आमचे पणजोबा-खापरपणजोबा गायकवाडांच्या चाकरीत इकडे आले आणि दांडिया बाजार, रावपुरा भागात रुजले, पण कुलदैवतं मात्र महाराष्ट्रातच राहिली. मग वणीच्या सप्तशृंगीच्या दर्शनाला घरची प्रीमियर पद्मिनी निघायची. भरूच, सुरत, बिलिमोरा, वघई, आणि वघई सुटली की डांगच्या सागवानातून सापुताऱ्याचा घाट.

यंदा माझा भाचा लेहला निघालाय. स्वतःची टर्बो पेट्रोल गाडी घेऊन, बडोद्यापासून थेट. मागच्या आठवड्यात संध्याकाळी आला आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, यातला कुठला इनटेक घेऊ? वर हवा विरळ असते ना, मग इंजिनाला जास्त हवा मिळायला हवी." पडद्यावर लाल रंगाचे शंकूसारखे फिल्टर होते, चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या आणि किमती अशा होत्या की त्यात आमच्या वेळी वणीच्या पाच वाऱ्या झाल्या असत्या.

आमच्या वेळी या प्रश्नाचं उत्तर प्रतापनगरकडे जाताना लागणाऱ्या एका गॅरेजात मिळायचं. निघायच्या दोन दिवस आधी वडील गाडी तिथे न्यायचे आणि मला बरोबर घ्यायचे. मिस्त्री बॉनेट उघडायचे, एअर क्लीनरचं झाकण काढायचे, आतला कागदी फिल्टर उचलून फरशीवर हलक्या हाताने आपटायचे आणि मग उन्हाकडे धरून त्यातून बघायचे. उजेड आरपार दिसला तर तोच परत बसे, नाही दिसला तर नवा. शेजारी एखादी जीप उभी असली तर तिचा एअर क्लीनर तेलाचा असे. त्यातली वाटी काढून रॉकेलने धुवायची आणि खुणेपर्यंत ताजं ऑइल ओतायचं, हे काम गॅरेजातल्या पोऱ्याकडे.

मग खरी गंमत. मिस्त्री इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर सबंध तळहात ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने रेस मारायचे. इंजिन घुसमटायचं, बंद पडायच्या बेताला यायचं, की ते हात उचलायचे. जेटमध्ये अडकलेला कचरा त्या ओढीने निघून जातो, असं ते सांगत. एकदा त्यांनी माझा हात धरून कार्बोरेटरवर नेला, पूर्ण न टेकवता बोटभर वर ठेवला. ती ओढ मला आजही तळहातावर आठवते. गार, पेट्रोलच्या वासाची, एका लयीत खेचणारी. गाडी श्वास घेते हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की वर काळं प्लॅस्टिकचं आवरण दिसतं. त्याखाली काय चाललंय ते दिसत नाही आणि बघायची गरजही पडत नाही. बाहेर हवेचा दाब किती, आत किती हवा येतेय, ती किती गरम आहे, हे सेन्सर क्षणोक्षणी मोजतात आणि त्या हिशेबाने इंजेक्टर पेट्रोल सोडतात. भाचा लेहच्या वरच्या खर्दुंग ला खिंडीत पोचेल, 5,359 मीटरवर, तेव्हा गाडीला ते त्याच्याआधी कळलेलं असेल.

पद्मिनीला काहीच कळत नसे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 15 किलो हवा लागते. सापुतारा सुमारे 1,000 मीटरवर, तिथे हवेचा दाब बडोद्यापेक्षा दहा टक्के तरी कमी. पण कार्बोरेटर आत येणारी हवा फक्त तिच्या आकारमानाने ओळखायचा, ती विरळ झालीय हे त्याला ठाऊक नसायचं. पेट्रोल जवळजवळ तेवढंच, हवा कमी. मग धूर काळा, प्लग काळे, पिकअप गेलेला. म्हणून मिस्त्री निघताना एक छोटा स्क्रूड्रायव्हर वडिलांच्या हातात द्यायचे आणि कार्बोरेटरच्या बुडाशी असलेला, भोवती स्प्रिंग गुंडाळलेला पितळी स्क्रू दाखवायचे. वर गाडी गुदमरली तर पाव आटा आत. परत खाली उतरलात की पाव आटा बाहेर. दरवेळी हेच वाक्य, आणि दरवेळी वडिलांची तीच मान हलवणं.

घाटाचं वर्णन करताना आम्ही मंडळी फार गोड बोलतो, म्हणून खरं काय होतं ते सांगायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकायचा. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकावं लागे, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन गाडी उभी. मागच्या दाराशी बसलेल्या मुलाच्या पायाशी एक दगड ठेवलेला असे, गाडी थांबली की उडी मारून तो मागच्या चाकाला लावायचा. हे काम माझं, आणि मागून ट्रक येत असताना हे काम एका दहा वर्षांच्या पोराचं होतं, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. पेट्रोलच्या वासाने धाकटी बहीण ओकायची. एकदा आजीला नऊवारी सावरत अर्धा मैल चढण चालावी लागली, कारण गाडी पाच माणसं ओढेना. तिला दमा होता. त्या दिवशी त्या रस्त्यावर दोघींनाही, आजीला आणि गाडीला, हवा कमी पडत होती, आणि पाव आट्याचा उपाय फक्त एकीवर होता.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर देणं आधी गरजेचं होतं. लेह 3,500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब बडोद्याच्या दोन तृतीयांश, खर्दुंग लावर जवळजवळ निम्मा. पाण्याच्या उंचीत मोजलं तर चित्र स्वच्छ दिसतं. बडोद्यात हवेचा दाब दहा मीटर उंच पाण्याच्या खांबाएवढा आहे. लेहला पोचेपर्यंत त्यातला साडेतीन मीटर खांब गेलेला असतो, खर्दुंग लावर पाच मीटर. आणि कंपनीने बसवलेला कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर पूर्ण रेसलासुद्धा हवेला किती अडवतो? वीतभर पाण्याइतकं. महागडा फिल्टर घेऊन त्या वितेतली चार बोटं वाचतील. डोंगराने काढून घेतलेले पाच मीटर कुठल्याच फिल्टरमधून परत येत नाहीत. ते थोडेफार भरून काढतो तो टर्बो, आणि तो गाडीत आधीपासून आहे.

शिवाय तो उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, आणि गरम हवा म्हणजे आणखी विरळ हवा. तेल लावलेल्या सुती फिल्टरचं तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडीचा हिशेबच चुकतो. मनाली-लेह रस्त्यावर दुपारनंतर बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. अशा नाल्यातून जाताना खाली बसवलेल्या इनटेकने पाणी ओढलं तर पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने हवेचं तोंड वर, ग्रीलच्या मागे का ठेवलंय, ते अशा वेळी कळतं. मी त्याला म्हटलं, "नवा साधा फिल्टर बसव आणि एक जादा बरोबर ने, धूळ फार आहे तिकडे. बाकी पैसे डिझेल हीटरवाल्या खोलीवर खर्च कर."

तो गप्प झाला. त्याचा पडलेला चेहरा मी ओळखला, कारण तो माझ्या वडिलांचा होता. लहानपणीच्या त्या वाऱ्यांनंतर पुढे मी कलाभवनात शिकायला गेलो, सयाजीरावांनी 1890 साली काढलेल्या त्याच कलाभवनात, विद्यापीठाच्या तंत्रशाखेला आम्ही अजून त्याच नावाने ओळखतो. तिथे कार्बोरेटर खोलून बघितला तेव्हा लक्षात आलं की तो पितळी स्क्रू फक्त मंद चालीसाठी आहे. गाडी उभी असताना इंजिन धडधडतं तेवढ्यापुरतं त्याचं राज्य. चढणीवर पेट्रोल येतं ते मुख्य जेटमधून, आणि त्याला तो स्क्रू शिवतही नाही. म्हणजे घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून, रुमालाने हात गुंडाळून वडील जो पाव आटा फिरवत, त्याने चढणीवर काहीही फरक पडत नव्हता. गाडी पुढे जायची ती दहा मिनिटं थंड झाल्यामुळे. आणि एकदा परतीला पाव आटा बाहेर घ्यायचा ते विसरले, तर सुरतेत प्रत्येक चौकात गाडी बंद पडली.

हे कळलं तेव्हा मी घरी येऊन वडिलांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "असेल." एवढंच. आज वाटतं, सांगायला नको होतं. त्या दहा मिनिटांत ते इंजिनापाशी वाकून कान लावून उभे राहत, स्क्रू फिरवून थांबत, पुन्हा ऐकत. आई थर्मासमधून चहा ओतायची. कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. सबंध प्रवासात गाडी आणि माणूस एकमेकांशी बोलत ते तेवढंच, आणि आम्ही सगळे डोंगरउतारावर बसून ते बोलणं ऐकायचो.

आता घाटात कुणी थांबत नाही. सापुताऱ्याला एसी लावून, चौथ्या गिअरमध्ये, गाणी ऐकत पोचतो. आजी आज असती तर एकदाही खाली उतरली नसती, आणि मला तेच हवं आहे. तरी सापुताऱ्याला पोचल्यावर दार उघडतो तेव्हा काहीतरी चुकवल्यासारखं वाटतं.

रविवारी भाचा नवा फिल्टर घेऊन आला. साधा, कंपनीचा. एअरबॉक्सच्या क्लिपा त्यानेच उघडल्या. जुन्या फिल्टरच्या घड्यांमध्ये बडोद्याची धूळ होती, निंबाची वाळकी पानं होती आणि पंख शाबूत असलेला एक चतुर होता. मी तो फिल्टर ओट्यावर आपटला आणि उन्हाकडे धरला. भाचा जवळ येऊन माझ्या खांद्यावरून बघत राहिला. नवा बसवला, क्लिपा लागल्या, त्याने बटण दाबून गाडी चालू केली. मी त्याला पुढे बोलावलं, ग्रीलच्या मागे काळ्या नळीचं चपटं तोंड दाखवलं आणि त्याचा हात मनगटाला धरून तिथे नेला, बोटभर अंतरावर.

थोडा वेळ त्याला काही जाणवलं नाही. मग तो म्हणाला, "मामा, ओढतंय."